नऊ आठ की आठ नऊ?

माझी थोरली बहीण, आमची आक्का, नागपंचमीची. १९५९ साली नागपंचमी ९ ऑगस्टला, रविवारी आली होती. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि पासपोर्टावर तिची हीच तारीख आहे : ०९/०८/१९५९. नेसरीसारख्या गावात त्या पिढीतल्या बाईची खरी जन्मतारीख कागदावर असणे, ही साधी गोष्ट नाही. वडील पंचांग पाहणारे होते आणि शाळेत नाव घालायला स्वतः गेले होते, म्हणून ते जमले. एवढी चोख तारीख असूनही गेल्या वर्षी तिच्यामुळेच आम्ही चार महिने हैराण झालो.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पंधरा वर्षे अमेरिकेत आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी आक्का २०२४ च्या डिसेंबरात तिकडे गेली. जाण्याआधी भाच्याने तिचा प्रवास-विमा इथल्याच एका कंपनीकडून काढला. अर्ज त्याने तिकडे बसून संगणकावर भरला. जन्मतारखेच्या रकान्यात त्याची बोटे सवयीने चालली आणि ९ ऑगस्टसाठी त्याने ०८/०९/१९५९ असे टाकले. तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात. पण अर्ज होता भारतातला. त्याने निमूटपणे समजून घेतले, ८ सप्टेंबर. विम्याचा कागद आला, त्यावरही ०८/०९/१९५९ छापले होते. भाच्याने तो अमेरिकी डोळ्यांनी वाचला आणि त्याला तो बरोबर वाटला.

फेब्रुवारीत आक्का दारातल्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. दवाखान्यातल्या बाईने तिची तारीख पासपोर्टातल्या व्हिसाच्या पानावरून घेतली. तिथे ती ०९AUG१९५९ अशी, म्हणजे महिना इंग्रजी अक्षरांत, असते. बिलावर ९ ऑगस्ट पडली, अगदी बरोबर. विमा कंपनीच्या वतीने तिकडे दावे तपासणारे जे कार्यालय होते, त्यांच्या नोंदीत मात्र ८ सप्टेंबर होती. त्यांनी दावा परत पाठवला : बिलावरची बाई आणि विम्यावरची बाई एक दिसत नाही.

मग मी इकडे तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र करून घेतले. 'खरी जन्मतारीख ०९/०८/१९५९ अशी असून' वगैरे, शिक्क्यासह. सोबत पासपोर्टाची प्रत जोडली. पंधरा दिवसांनी उत्तर आले, की आमच्याकडे हीच तारीख आहे, चूक दवाखान्याची दिसते, त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा.

ते उत्तर मी तीनदा वाचले तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांच्या नोंदीतली चुकीची तारीख ८ सप्टेंबर. ती अमेरिकी रीतीने छापली, की ०९/०८/१९५९ होते. आक्काची खरी तारीख ९ ऑगस्ट. ती आपल्या रीतीने लिहिली, की तीही ०९/०८/१९५९ होते. खरी आणि खोटी तारीख कागदावर अक्षरशः एकसारखी दिसत होती. मी शिक्का मारून, सही करून त्यांच्या चुकीलाच साक्ष दिली होती!

दुसरे प्रतिज्ञापत्र केले, त्यात अक्षरी लिहिले : 'नऊ ऑगस्ट एकोणीसशे एकोणसाठ'. इंग्रजी प्रतीतही महिना अक्षरांत. तीन आठवड्यांत काम झाले. फोनवर आक्काला सारे समजावून सांगितले, तर ती म्हणाली, ''मी नागपंचमीची हाय. तुमच्या कागदाला मला गणपतीतली करायची असंल तर करू दे, पर बिलाचं पैसं तेवढं मिळू देत.'' तिच्या बोलण्यातली मेख मी नंतर तपासली. १९५९ च्या ८ सप्टेंबरला भाद्रपद शुद्ध षष्ठीच्या आसपासचा दिवस होता, घरोघरी गणपती बसलेले होते.

तीन घरांच्या तीन रीती

तारीख लिहिण्याच्या जगात मुख्यतः तीन रीती आहेत. दिवस-महिना-वर्ष ही आपली, युरोपातल्या बहुतेक देशांची आणि इंग्रजांची. वर्ष-महिना-दिवस ही चीन, जपान, कोरिया आणि युरोपात हंगेरीची. आणि महिना-दिवस-वर्ष ही अमेरिकेची. कॅनडात या तिन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे तिथल्या माणसाला आधी कागद कोणत्या घरातून आला ते पाहावे लागते.

अमेरिकी रीत आपल्याला उलटी वाटते, पण ती त्यांच्या बोलण्याची आहे. ते 'जुलै चार' म्हणतात, म्हणून तसे लिहितात. पूर्वी इंग्लंडातही दोन्ही प्रकारे लिहिले जाई. पुढे इंग्रजांनी एक वाट धरली आणि अमेरिकनांनी दुसरी. गंमत अशी, की आपल्या स्वातंत्र्यदिनाला मात्र अमेरिकन माणूस 'फोर्थ ऑफ जुलै' म्हणजे दिवस आधी घेऊनच म्हणतो. आपणही फार सरळ नाही. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला आपण त्यांच्यासारखे '९/११' म्हणतो आणि मुंबईच्या हल्ल्याला '२६/११'. पहिल्यात महिना आधी, दुसऱ्यात दिवस आधी. दोन्ही एकाच वाक्यात म्हणतो आणि अडखळत नाही, कारण या दोन तारखा आपल्याला आधीपासून ठाऊक आहेत.

जी तारीख ठाऊक नसते, तिथे घोटाळा होतो. तोही सगळ्या तारखांचा होत नाही. २६/११ उलटी वाचता येत नाही, कारण सव्विसावा महिना नाही. दिवस १३ किंवा त्यापुढचा असला, की तारीख आपोआप सुरक्षित. घोटाळा होतो तो दिवस १ ते १२ मधला असेल तेव्हा. बारा महिन्यांतले असे बारा-बारा दिवस म्हणजे १४४. त्यातून १/१, २/२ अशा, उलटसुलट एकच राहणाऱ्या १२ तारखा वजा केल्या, की उरतात १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे आहेत, की नुसत्या आकड्यांत लिहिले तर त्यांचे दोन अर्थ होतात. आक्काचा दिवस त्यातलाच. ती नागपंचमीऐवजी नारळी पौर्णिमेला जन्मली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. त्या वर्षी पौर्णिमा १८ ऑगस्टला होती.

हा दोष रोज दिसत नाही आणि म्हणूनच तो जास्त वाईट. गावातल्या एका संस्थेची सभासद-यादी मी संगणकावर पाहत होतो. जन्मतारखांच्या रकान्यात काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे. यंत्र अमेरिकी रीतीवर लावलेले होते. दिवस १३ च्या पुढचा असला, की त्याला ती तारीख वाटेना, म्हणून त्याने ती शब्दासारखी डावीकडे ठेवली. दिवस १२ च्या आतला असला, की त्याने दिवस-महिना बदलून ती तारीख म्हणून उजवीकडे नेली. ज्या तारखा 'चुकल्यासारख्या' दिसत होत्या त्या बरोबर होत्या, आणि ज्या नीट रांगेत उभ्या होत्या त्या चुकल्या होत्या. भाच्याने आणलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या डबीवर शेवटची तारीख ०३/१०/२५ अशी होती. १० मार्चला संपल्या, की ३ ऑक्टोबरपर्यंत चालतील? मी त्या टाकून दिल्या. गोळ्यांचे ठीक आहे. पण लसीची पुढची तारीख, व्हिसाच्या मुलाखतीचा दिवस, कर्जाचा हप्ता, यांचे काय?

खिंडीतला मंगळवार

तारखेच्या या भानगडीत मी आक्कामुळे पडलो नाही. त्याच्या कितीतरी आधी, आमच्या गावच्या खिंडीमुळे पडलो. नेसरी म्हटले, की कुणालाही प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सरदार आठवतात. बहलोलखानाच्या फौजेवर ते सात जण तुटून पडले आणि इथे धारातीर्थी पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने ती कथा घरोघरी नेली. पुस्तकांत दिवस दिला जातो २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गावच्या एका स्मरणिकेसाठी मी छोटे टिपण लिहिले. कॉलेजात इतिहास शिकायला मिळाला नव्हता. मोडी स्वतःच गिरवून शिकलो होतो आणि उत्साह दांडगा होता. त्या दिवशी वार कोणता, हे सांगितले तर लेखाला वजन येईल, म्हणून आजच्या कॅलेंडराच्या नियमाने मागे मोजत गेलो आणि ठोकून दिले, 'शनिवार'. लेख छापून आल्यावर पंचांग जाणणारे एक वृद्ध गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, ''बाबा, शिवरात्र अमावास्येच्या तोंडावर असते. तू धरलेल्या शनिवारी चंद्र कुठे होता ते बघितलंस का?'' मी बघितले नव्हते. पुढे सिवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे १८९६ मधले 'इंडियन कॅलेंडर' आणि स्वामिकन्नू पिल्ले यांच्या पंचांगसारण्या शब्दकोश शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा माझी चूक मला कळली. तो दिवस मंगळवार होता.

चूक अशी. २४ फेब्रुवारी १६७४ ही तारीख आजच्या कॅलेंडराची नाहीच. ती जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडराची आहे. पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली कॅलेंडर सुधारले, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणली. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले आणि काही काळातच ते गोव्यातही आले. इंग्रज प्रॉटेस्टंट, त्यांना पोपचे कॅलेंडर नको होते. त्यांनी जुनेच १७५२ पर्यंत चालवले आणि मग २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून हिशेब मिटवला. मराठ्यांच्या इतिहासात इंग्रजांची कागदपत्रे महत्त्वाची, म्हणून १७५२ पर्यंतच्या इंग्रजी तारखा जुन्या कॅलेंडराने देण्याची रीत आपल्या अभ्यासकांत पडली. सतराव्या शतकात दोन्ही कॅलेंडरांत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे त्या मंगळवारी गोव्यातला पोर्तुगीज ६ मार्च १६७४ लिहीत होता आणि मुंबई-सुरतेचा इंग्रज २४ फेब्रुवारी.

इंग्रजाचे वर्षही वेगळे होते. त्याचे कायदेशीर नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होई. म्हणून एखाद्या इंग्रज कारकुनाने त्या दिवशी वहीत तारीख टाकली असेल, तर ती २४ फेब्रुवारी १६७३ अशी पडली असेल. सावध कारकून १६७३/४ असे दोन्ही आकडे लिहीत. हा घोटाळा इतका खरा आहे, की जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला तेव्हा तारीख होती ११ फेब्रुवारी १७३१, आणि आज अमेरिका त्याचा जन्मदिवस म्हणून मानते २२ फेब्रुवारी १७३२. दिवस बदलला आणि वर्षही.

आता त्याच दिवसाकडे इथल्या माणसांच्या नजरेने पाहा. मराठी कारकुनाला तो शके १५९५, प्रमादी संवत्सर, माघ वद्य चतुर्दशी, मंगळवार. उत्तरेकडल्या माणसाला हीच तिथी फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे असतो. (हा अंक दिवाळीचा आहे म्हणून सांगतो, आपण आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन करतो, तेव्हा उत्तरेत तीच अमावास्या कार्तिकाची असते.) विजापूरच्या छावणीतल्या मुनशीला तो हिजरी १०८४, जिल्काद महिन्याच्या अखेरीचा दिवस. आणि मराठी दफ्तरातल्या शुहूर सनाने तो 'अर्बा सबैन व अलफ', म्हणजे १०७४.

दिवस सुरू कधी होतो, यावरही एकमत नव्हते. इंग्रजाचा मध्यरात्री, आपला सूर्योदयाला, हिजरीचा सूर्यास्ताला. शिवरात्र तर नावाप्रमाणे रात्रीची. खिंडीत सात घोडी उधळली तो क्षण एकच, पण त्याला एवढी नावे. यातले एकही खोटे नाही. खोटे ठरते ते एका पद्धतीचे नाव दुसऱ्या पद्धतीने वाचले तर, जसे मी केले आणि जसे विमावाल्यांनी केले.

जुने कारकून शहाणे होते

इतक्या पद्धतींत काम करणारे जुने कारकून गोंधळून का गेले नाहीत? हा प्रश्न मला बरीच वर्षे होता. उत्तर त्यांच्या लिहिण्याच्या रीतीतच सापडले.

पहिले म्हणजे, ते महिना कधी आकड्यात लिहीत नसत. माघ म्हणजे माघ आणि जिल्काद म्हणजे जिल्काद. छ हे अक्षर आले, की पुढचा आकडा मुसलमानी महिन्याच्या चंद्राचा, हे ठरलेले. दिवस कुठला आणि महिना कुठला, हा प्रश्नच उरत नाही. इंग्रजी अमदानीत आणि नंतरही कचेरीत 'माहे' हा शब्द टिकला. 'तारीख ५ माहे एप्रिल' असे लिहिणाऱ्याची तारीख जगातला कोणताही माणूस उलटी वाचू शकत नाही. आज आपण जागा वाचवायला 'माहे' काढून टाकला आणि तिथे तिरकी रेघ घातली.

दुसरे, शुहूर सन ते शब्दांत लिहीत. अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. एकं आधी, मग दहं, मग हजार. आपल्या मराठीत 'चौऱ्याहत्तर' म्हणतानाही चार आधीच येतो, त्यामुळे ते आपल्या जिभेला परके वाटले नसावे. शब्दात लिहिलेला सन पुसट झाला तरी ओळखू येतो, आणि एका आकड्याला शेपूट जोडून बदलता येत नाही.

तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते. ते वार लिहीत. शके, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार. नुसत्या तारखेसाठी शके पुरे होता, संवत्सर कशाला? तिथी पुरे होती, वार कशाला? तर पडताळ्यासाठी. शके आणि संवत्सराचे नाव जुळलेच पाहिजे, तिथी आणि वार जुळलेच पाहिजेत. एखाद्या दानपत्रातली तिथी आणि वार जुळले नाहीत, तर तज्ज्ञ पहिला संशय घेतात तो लिहिणाऱ्याच्या चुकीचा, आणि दुसरा बनावट कागदाचा. आज पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यात जन्मतारखेच्या सहा आकड्यांनंतर एक सातवा आकडा असतो, तो आधीच्या सहांवरून काढलेला. आकडा वाचताना चूक झाली, की हिशेब जुळत नाही आणि यंत्राला ते कळते. आपल्या कारकुनाचा 'मंगळवार' तेच काम करत होता. मी त्या स्मरणिकेत पकडला गेलो तो वारामुळेच.

आणि क्रम पाहा. शके, मग महिना, मग पक्ष, मग तिथी. मोठ्याकडून लहानाकडे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली आयएसओ ८६०१ हे मानक काढून जगाला सांगितले, की तारीख आकड्यांतच लिहायची असेल तर आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. १९५९-०८-०९ असे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७९०० हे मानकही याच धर्तीचे आहे. या क्रमाचा एक फायदा असा, की संगणकावरच्या फायलींना अशी नावे दिली तर त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दुसरा असा, की वर्ष आधी घेऊन मग दिवस-महिना लिहिण्याची रूढी जवळजवळ नाहीच, म्हणून वर्ष आधी दिसले की पुढे महिनाच असणार, हे कळते. आपल्या पंचांगाच्या संकल्पात हा क्रम किती शतके चालत आला आहे, हे मानक करणाऱ्यांना ठाऊक असायचे कारण नाही. पण आपण मात्र तो विसरलो.

स्वतंत्र भारतानेही एक प्रयत्न केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय कॅलेंडर लागू झाले. आकाशवाणीवर आणि सरकारी राजपत्रावर ते दिसते. या तारखेचा धनादेशही बँकांनी घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने कळवलेले आहे. पण त्याचा चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) लागतो आणि आपला गुढीपाडव्याला. दोन्हीकडे 'शके' तेच, 'चैत्र' तोच, दिवस वेगळा. एक घोटाळा मिटवायला गेलो आणि सारख्या नावांचा दुसरा तयार झाला.

कोणता दिवस पाळायचा?

यातून काही वाद निष्कारण पेटतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ ला झाला. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा रायगडावर होता, त्याच्या कॅलेंडराने ती ६ जून १६७४. आजच्या कॅलेंडराने मागे मोजले तर १६ जून. रायगडावर ६ जूनलाही सोहळा होतो आणि तिथीलाही. शिवजयंतीचेही तेच. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ म्हणजे जुन्या कॅलेंडराने १९ फेब्रुवारी १६३०, नव्याने १ मार्च. त्या जन्मवर्षाचा १५४९ की १५५१ हा वाद खरा होता, तो शकावल्या आणि पुरावे तपासून सोडवावा लागला. पण तारीख की तिथी, हा वाद पुराव्याचा नाही. तो पद्धतीचा आहे. दोन्ही बाजूंना एकच दिवस अभिप्रेत आहे.

आमच्या खिंडीपुरते बोलायचे, तर महाशिवरात्र २०२४ साली ८ मार्चला होती आणि २०२५ साली २६ फेब्रुवारीला. २४ फेब्रुवारी दरवर्षी तीच. फुले वाहायला कोणताही दिवस चांगला. माझे म्हणणे एवढेच, की स्मारकाच्या फलकावर, पत्रिकेवर, शाळेच्या भाषणात तिथी, तारीख आणि ती कोणत्या कॅलेंडराची, हे तिन्ही लिहावे. एक ओळ वाढेल. पण माझ्यासारखा एखादा उत्साही पोरगा पुढे शनिवार छापणार नाही.

एक जून

आक्काची तारीख खरी, माझी नाही. माझ्या वेळी शाळेत नाव घालायला वडील नव्हते, चुलते गेले. मास्तरांनी विचारले, जन्म कधीचा? चुलते म्हणाले, आषाढातला असंल, पाऊस लई होता. मास्तरांनी लिहिले, १ जून. माझ्या वर्गात माझ्यासारखे सात-आठ जण होते. महाराष्ट्रातल्या खेड्यांत १ जूनला जन्मलेल्यांची अख्खी पिढीच आहे. शाळा जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा पोराला ठरावीक वर्षे पुरी झालेली दिसली पाहिजेत, म्हणून १ जून. सरकारी नोकरीत महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर ३१ मे रोजी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागते. ज्यांना खरा वाढदिवस ठाऊक नाही, त्यांना नारळ आणि शाल मात्र एकाच दिवशी मिळते.

हे मी हसण्यावारी नेत असे. आता नेत नाही. हल्ली जातीच्या दाखल्यांसाठी लोक माझ्याकडे कोतवाल-बुकातल्या जुन्या मोडी नोंदींच्या प्रती घेऊन येतात. आजोबाचा जन्म, पणजीचा मृत्यू. एका नोंदीवर घरातल्या पोरांचे शिक्षण अवलंबून असते. अशा वेळी 'तारीख', 'माहे', 'सन' असे तीन शब्द घालून लिहिणारा तो शंभर वर्षांपूर्वीचा कोतवाल मला देवासारखा वाटतो. त्याच्या नोंदीवर कुणी शंका घेऊ शकत नाही. आजपासून शंभर वर्षांनी आपली ०९/०८/५९ ही नोंद कुणी वाचेल, तेव्हा त्याला महिना कळणार नाही, दिवस कळणार नाही, आणि एकोणसाठ कोणत्या शतकातले तेही कळणार नाही.

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. महिना अक्षरांत लिहायचा. वर्ष चारही आकड्यांत लिहायचे. आणि कागद महत्त्वाचा असेल तर वार घालायचा. रकाना आकड्यांचाच असेल, तर रकान्याखालची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पेन टेकवायचे नाही. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणारी माणसे आधी कंटाळतात, मग त्यांनाही सवय होते.

शेवटी बाळाचे सांगायचे राहिले. भाच्याला मुलगी झाली. तिकडे सोमवारी रात्री नऊ वाजले होते, इकडे मंगळवारचे सकाळचे साडेआठ. भाच्याने लगेच बाळाच्या मनगटावरच्या पट्टीचा फोटो घरच्या गटावर टाकला. पट्टीवर छापले होते ०१/०६/२०२५. दहा मिनिटांत धाकट्या काकूंचा फोन आला, ''अवो, पोरगी झाली म्हंता आणि तारीख तर एक जूनची दिसतीय!''

मी पोट धरून हसलो. चुलत्यांनी आणि मास्तरांनी मला दिलेली तारीख सातासमुद्रापार जाऊन माझ्या नातीच्या मनगटावर बसली होती. मग वही काढली आणि तिच्यासाठी पहिली नोंद केली. शके १९४६, क्रोधी संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. अमेरिकेत सोमवार, तारीख ६ माहे जानेवारी सन २०२५, रात्री नऊ. नेसरीत मंगळवार, तारीख ७ माहे जानेवारी, सकाळी साडेआठ. तारीख दोन्हीकडे वेगळी, वार वेगळा, तिथी मात्र एकच, कारण चंद्र एकच आहे.

आक्का परत आली तेव्हा तिला ती नोंद वाचून दाखवली. अजून नीट न वळणाऱ्या हाताने तिने वही जवळ ओढली आणि म्हणाली, ''माझीबी अशीच लिहून ठेव.'' तिच्या नोंदीत मी पहिला शब्द लिहिला, नागपंचमी.